सकाळी दहाची रात्र

मित्रांनो, मी एक जुनी चिमणी आहे. पंखांची नव्हे, रॉकेलची. माझं पोट टोमॅटोच्या गराच्या डब्याचं आहे. त्यावरचा लाल टोमॅटो अजून अर्धा दिसतो, उरलेला अर्धा काजळीखाली गेला. मला काच नाही आणि मूठही नाही. वरच्या नळीतून वात बाहेर येते आणि मागे कान जोडलेला आहे, त्याला धरून मला उचलतात.

माझा जन्म हैतीच्या दक्षिणेकडे, जेरेमीच्या बाजारात झाला. देसिलुस नावाचा एक म्हातारा फेकलेले डबे गोळा करून त्यांच्या चिमण्या, किसण्या आणि गाळण्या करायचा. त्याने मला कापलं, ठोकलं, माझ्यात पाणी भरून उन्हात धरलं आणि बराच वेळ बुडाकडे बघत राहिला. "गळत नाहीस ना? मग चल," एवढंच तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. त्याहून मोठं कौतुक मिळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

इलावांत आजीने दोन ओंजळी तुरीच्या शेंगा देऊन मला घेतलं आणि मोर्न-लारो या डोंगरावरच्या गावात नेलं. आजीचं घर एका खोलीचं. घरात तिची लेक रोझमानी होती आणि रोझमानीची लेक विदलीन होती. सूर्य डोंगरामागे गेला की आजी मला पेटवायची आणि विचारायची, "क्रिक?"

ऐकणाऱ्यांनी "क्राक!" म्हटल्याशिवाय आमच्याकडे गोष्ट सुरू होत नाही. मधेमधेही सांगणारा "क्रिक?" विचारतो. उत्तर जोरात आलं तर मंडळी जागी आहेत, आणि पुटपुटल्यासारखं आलं तर गोष्ट कुठेतरी ढिली पडली आहे असं समजायचं. आजीच्या गोष्टीला शेजारची माणसंही दारात येऊन बसायची.

माझा उजेड तो केवढा? जेमतेम दोन हात. पण आजी "नदी आली" म्हणाली की सगळे पाय वर घ्यायचे. जमीन कोरडीच होती, मला स्वतःला दिसत होती. तरीही माझ्या दोन हात उजेडात नदी यायची आणि माणसं पाय वर घ्यायची. मी थक्क होऊन बघत राहायचे. पत्रा, रॉकेल आणि चिंधीची वात यांचा मला अर्थ लागत होता. हे कशाचं बनतं, ते काही केल्या कळत नव्हतं.

या सगळ्याला एक नियम होता. दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा सांगितली तर सांगणाऱ्याची आई टोपली होऊन बसते. टोपलीच का, सूप किंवा घागर का नाही, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पोरं त्यावर हसायची, पण दिवसा गोष्ट मात्र कुणी सांगायचं नाही.

विदलीन आठ वर्षांची असताना रोझमानी सीमेपलीकडे, सांतो दोमिंगोला, लोकांच्या घरी कामाला गेली. जाताना तिने आपली बाजाराची टोपली माझ्या शेजारच्या खिळ्यावर टांगली. "ही कुणाला देऊ नका. आल्यावर लागेल मला," असं ती आजीला म्हणाली. त्या दिवसापासून टोपली आणि मी शेजारणी झालो.

दर रविवारी रोझमानीचा फोन यायचा. एकदा तिने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती उन्हावर चालणारा दिवाही पाठवला. पांढराशुभ्र उजेड, ना धूर ना वास. झालं, माझी गरज संपली. आजीने मला पुसून खिळ्यावर टांगलं आणि मग पुसायचीही विसरली. माझ्या नळीत एका कोळ्याने घर केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रोझमानीनेच पाठवलेल्या दिव्याबद्दल तक्रार तरी कुणाकडे करायची?

अशी चार वर्षं गेली. विदलीन सहावीत गेली आणि गावच्या शाळेत नवे गुरुजी आले, मेत क्लेर्विल. आमच्याकडे गुरुजींना मेत म्हणतात. तरुण होते, शहरात शिकलेले होते आणि बूट रोज पुसायचे. जूनमध्ये सहावीची सरकारी परीक्षा होती आणि तिच्या पेपरात एक गोष्ट लिहावी लागायची. मेत क्लेर्विलनी फळ्यावर तीन चौकोन काढले. एकात लिहिलं सुरुवात, दुसऱ्यात मधला भाग, तिसऱ्यात शेवट. पोरांनी तीन चौकोन उतरवून घेतले आणि त्यात वाक्यं भरली. मी बाजारात गेलो. मजा आली. मी घरी आलो. पंचवीस पोरांनी पंचवीस वेळा तेच लिहिलं.

तेव्हा मेत म्हणाले, "आधी तोंडाने सांगा, मग लिहा. चला, कोण सांगतंय गोष्ट?" सकाळचे दहा वाजले होते. कुणी हललं नाही. मेत क्लेर्विलना वाटलं, पोरं बुजरी आहेत. त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला उभं केलं. विदलीनने खिडकीकडे बघत आजीची खेकड्याची गोष्ट सांगितली. फार छान सांगितली म्हणे. मी तिथे नव्हते, हे मला पुढे आजीच्या तोंडून कळलं.

तो मंगळवार होता. त्या रविवारी रोझमानीचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. आजी म्हणायची, "पैसे संपले असतील फोनमधले." तिसऱ्या रविवारनंतर ती काहीच म्हणेनाशी झाली.

मित्रांनो, आता जे सांगते ते मी स्वतः पाहिलं आहे. एका संध्याकाळी विदलीन आमच्या भिंतीपाशी आली. तिने टोपलीवर हलकेच हात ठेवला. मग आपली चादर काढली आणि टोपलीला पांघरली. खाली सरकू नये म्हणून चादरीच्या कडा वेतात खोचल्या. दुसऱ्या दिवशी तिने टोपलीत उकडलेल्या केळ्याचा तुकडा ठेवला. मला जीभ असती तर मी ओरडून सांगितलं असतं, की बाळ, मी चार वर्षं हिच्या शेजारी आहे आणि ही टोपलीच आहे. पण मला जीभ नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझीही खात्री डळमळली होती.

शाळेत ती गप्प झाली. गणित सोडवायची, नकाशा काढायची, पण गोष्टीचं पान आलं की कोरं. दिवसा सांगितली म्हणून हे झालं, आता दिवसा लिहिली तर आणखी काय होईल, असा तिचा हिशेब होता.

आजीला आधी वाटलं, नातीला थंडी वाजत नाही म्हणून तिने चादर टोपलीवर टाकली आहे. मग एका सकाळी तिला टोपलीतला केळ्याचा तुकडा दिसला. ती खाटेवर बसली ती बराच वेळ उठली नाही. उठल्यावर तिने मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याला बाहेर घालवलं, नवी वात घातली, पोट भरून रॉकेल ओतलं आणि मला हातात धरून तडक शाळेत गेली.

"मेत," ती दारातूनच म्हणाली, "तुम्ही पोरांना दिवसाढवळ्या गोष्टी सांगायला लावता म्हणे?"

मेत क्लेर्विल हसले. "आजी, तसं असतं तर सगळ्या शहरात टोपल्याच चालताना दिसल्या असत्या."

"शहरातल्या आया काय होतात ते मला नका सांगू. माझी नात रोज टोपलीला पांघरूण घालते. काल तिला केळं भरवलंय."

मेत क्लेर्विल यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते खुर्चीत बसले, परत उठले आणि त्यांनी आजीला खुर्ची दिली.

"मला वाटलं, ती आळस करतेय," ते म्हणाले. "मी काल तिला सगळ्यांसमोर बोललो."

"बोललात ना? आता भरून काढा."

"कसं, आजी? शाळा तर दिवसाच भरते. परीक्षा दिवसाच असते. आणि असं काही नसतं म्हणून सांगितलं तर ती ऐकेल का?"

"तुमचं ती कशाला ऐकेल? तुम्हाला इथे येऊन तीन महिने झाले, टोपलीचा नियम आमच्या पणजीच्या आधीचा आहे." आजीने मला टेबलावर ठेवलं. "नियम मोडू नका. रात्र करा. दारं लावा, ही पेटवा. काड्यापेटी आहे का, की शिकलेली माणसं तीही बाळगत नाहीत?"

त्यांच्याकडे काड्यापेटी नव्हती. आजीने कमरेची काढून दिली.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहा वाजता मेत क्लेर्विलनी खिडक्यांच्या फळ्या लावल्या, दाराला अडसर घातला आणि मला पेटवलं. चार वर्षांनी माझ्या वातीला आग लागली. मी आधी खूप धूर केला, लाज वाटली मला. मग ज्योत स्थिर झाली. शाळेच्या छपराला जुन्या खिळ्यांची भोकं होती, त्यांतून उन्हाचे बारीक ठिपके अंधारात उतरले. फ्रित्नेल नावाच्या मुलाने वर बघितलं आणि म्हणाला, "चांदण्या."

"चला, चांदण्याही आल्या," मागच्या बाकावरून आजी म्हणाली. ती शेंगा सोलायला तिथेच येऊन बसली होती. "आता काय अडलंय?"

मेत क्लेर्विलनी घसा साफ केला. "क्रिक?"

पंचवीस पोरं इतक्या जोरात "क्राक!" म्हणाली की माझी ज्योत वाकली. बाहेर डोंगरावर लख्ख ऊन होतं आणि आत रात्र होती. एवढीशी मी, दोन हातांच्या उजेडाची, आणि माझ्यामुळे शाळेत रात्र झाली. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःचं आश्चर्य वाटलं.

रोज सकाळी दहाला होणाऱ्या त्या रात्रींमध्ये पोरं गोष्ट शिकली आणि मेत क्लेर्विल शिकवायला शिकले. पहिल्यांदा फ्रित्नेलने वही वाचली. त्याची शेळी दरीत पडली होती. पण त्याने आधी काकाचं नाव सांगितलं, मग काकाच्या बायकोचं, मग शेळी कुणाकडून आणली ते. "क्रिक?" त्याने विचारलं. "क्राक," असं कुठूनसं बारीक उत्तर आलं. मेत क्लेर्विलनी त्याच्या वहीत तिथे पेन्सिलीने रेघ मारली.

"शेळीची दोरी तुटते कधी?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या पानावर, मेत."

"मग आम्हाला तिसऱ्या पानावर का बोलावलं नाहीस? आम्ही काकाच्या घरी कशाला थांबलोय?"

"काकू जेवायला वाढेल म्हणून थांबलोय," आजी म्हणाली. पोरं खदखदून हसली, फ्रित्नेलसुद्धा.

त्याने दोरी तुटण्यापासून सुरुवात केली. पुढे त्याने वाचलं, 'मला खूप भीती वाटली.' मेत म्हणाले, "भीती मला दिसत नाही. तुझे हात काय करत होते?" फ्रित्नेल माझ्या ज्योतीकडे बघत म्हणाला, "मी तिचा कान धरून ठेवला होता. काका खालून ओरडत होता की सोड, तूही पडशील. कान गरम होता. मी सोडला नाही." आणि हळूच विचारलं, "क्रिक?" त्या वेळचं क्राक कुणी ओरडून म्हणालं नाही. सगळे एकदम आणि खालच्या आवाजात म्हणाले. मेत क्लेर्विल पेन्सिल हातात धरून तसेच उभे राहिले. नंतर त्यांनी फळ्यावरचे तीन चौकोन पुसून टाकले.

विदलीन मात्र गप्पच होती. ती आत येऊन बसायची, सगळ्यांना क्राक म्हणायची, पण स्वतः कधी क्रिक म्हणाली नाही. मेत क्लेर्विलनी तिला पुन्हा उभं केलं नाही. फक्त एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी गावात नवा होतो. मी विदलीनला दिवसा गोष्ट सांगायला लावली. चूक माझी होती, काही भरायचं असेल तर ते मी भरेन." गुरुजींनी असं म्हटलेलं पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. विदलीनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मेच्या शेवटी एका सकाळी ती आपणहून टेबलापाशी आली. तिच्या हातात वही होती आणि वहीची चारच पानं लिहिलेली होती.

"क्रिक?"

"क्राक!"

'एका मुलीने दिवसा गोष्ट सांगितली आणि तिच्या आईची टोपली झाली,' तिने वाचलं. मागे आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. विदलीन वाचत गेली. मुलगी टोपलीला पांघरूण घालते. टोपली कुरकुरली की तिला वाटतं, आई काहीतरी म्हणतेय. पाहुणे टोपलीत कांदे ठेवायला येतात तेव्हा ती आडवी पडते आणि म्हणते, यात काही ठेवू नका. ते कांदे ऐकून हसू यायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. एक मुलगी रडत होती. मीही माझ्यापरीने तडतडले.

मग विदलीन थांबली. "पुढे मला येत नाही, मेत. शेवट नाही मला माहीत."

मेत क्लेर्विल तिच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मलाही माहीत नाही. आईचं काय होतं ते तुझ्या हातात नाही. पण गोष्टीतली मुलगी काय करते, ते तुला ठरवता येईल. घाई नाही."

आजी मागून रडवेल्या आवाजात म्हणाली, "क्राक." तिला कुणी विचारलंही नव्हतं.

परीक्षा जेरेमीला, एका मोठ्या शाळेत होती. दोन्ही बाजूंना उंच खिडक्या आणि खोलीभर ऊन. विदलीनने मला फडक्यात गुंडाळून नेलं आणि बाकावर शाईच्या पेनाशेजारी ठेवलं. चष्मा लावलेले एक म्हातारे पर्यवेक्षक फिरत फिरत तिच्यापाशी आले.

"हे काय आहे?"

"चिमणी, मेत."

"ते दिसतंय मला. सकाळचे दहा वाजलेत."

"गोष्ट लिहायची आहे, मेत," विदलीन म्हणाली.

त्यांनी प्रश्नपत्रिका पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे, बराच वेळ. मला वाटलं, आता हे मला जप्त करणार. पण त्यांनी माझ्या कानाला बोट लावलं, जसं ओळखीच्या माणसाच्या खांद्याला लावतात.

"इथे आग चालत नाही, बाळ," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी हात लांब करून तिच्या बाजूच्या खिडकीची फळी ओढून घेतली. तिच्या बाकावर सावली पडली. "एवढी रात्र पुरेल?"

"पुरेल, मेत."

ते परत आपल्या खुर्चीकडे गेले. विदलीनने पेन उचललं आणि ओठांतल्या ओठांत विचारलं, "क्रिक?" मला वाटलं, ते फक्त मलाच ऐकू आलं. पण समोर खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याने कागदावरची नजर न काढता म्हटलं, "क्राक."

मी त्या दिवशी पेटले नाही, तरी कामाला आले. विदलीन लिहीत होती ते मला जवळून दिसत होतं. शेवटी तिने असं लिहिलं: मुलीने टोपली खिळ्यावरून काढली, डोक्यावर घेतली आणि बाजारात नेली. टोपली रिकामी होती तरी जड होती. घरी आल्यावर तिने ती पुन्हा टांगली नाही. दारात ठेवली, रस्ता दिसेल अशी.

विदलीन पास झाली. पहिली वगैरे आली नाही. घरी आल्यावर तिने टोपली खरोखरच दारात नेऊन ठेवली. चादर मात्र तशीच राहू दिली.

ऑगस्टमधल्या एका दुपारी खालच्या रस्त्यावर ट्रक थांबला आणि पायवाटेने एक बाई चढत आली. अंगाने निम्मी झालेली, डोक्यावर बोचकं. ती रोझमानी होती. तिकडे ती तापाने दोन महिने अंथरुणात होती. त्यातच फोन चोरीला गेला, आणि हल्ली नंबर कुणाला पाठ असतो? बरी झाल्यावर भाड्याचे पैसे जमवण्यात पुढचे महिने गेले. आजीने तिला आधी मिठी मारली आणि मग फैलावर घेतलं. विदलीन जागची हलली नाही. ती एकदा आईकडे बघत होती आणि एकदा टोपलीकडे. दोन्ही एकाच वेळी समोर होत्या.

रोझमानी खाली वाकली. "माझ्या टोपलीला चादर कुणी घातली गं?"

"मी."

"का?"

विदलीनने बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "रात्री सांगते," ती म्हणाली.

रोझमानी याच गावात वाढली होती. लेकीच्या तोंडाकडे तिने नीट पाहिलं आणि पुढे एक शब्द विचारला नाही. तिने टोपली आत घेतली, दार लावलं, खिडकी लावली. मग भिंतीवरून मला काढलं, काडी ओढली आणि भर दुपारी मला पेटवलं. ती लेकीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "झाली रात्र. सांग."

मित्रांनो, आता मी परत शाळेत असते. माझ्या बुडाला बारीक भोक पडलं आहे, मेत क्लेर्विल त्यावर मेण लावतात. गळत नाहीस ना, असं आता मला कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं काही जुनं टांगलेलं असेल तर त्याची काजळी पुसा, नवी वात घाला. आणि तेवढं जमलं नाही, तरी माझं एक मागणं ऐका. तुमच्याजवळ कुणी गप्प गप्प बसलेलं असेल तर त्याच्यासाठी खिडकी ओढून घ्या, शेजारी बसा. त्याने क्रिक म्हटलं की हातातलं काम खाली ठेवा आणि क्राक म्हणा.